नवव्या वळणाचा बर्फ

घसरगाड्यांच्या ट्रॅकच्या नवव्या वळणावर ओयार्सने गिरमिटाने बर्फात बारीक भोक पाडलं आणि जाडी मोजायची पोलादी पट्टी आत सोडली. पंचवीस मिलिमीटर. झकास! एवढ्यात वरून आरोळी आली. बॉबस्ले या मोठ्या घसरगाडीचा चौघांचा चमू सरावाला आला होता.

“म्हातारबा, बर्फ कसा आहे?”

“तुमच्या डोक्यांइतका घट्ट!”

पोरं खिदळली. ओयार्सही हसत हसत कडेच्या फळीवर पेन्सिलीने आकडा लिहून खाली निघाला. सोळा वळणं, सोळा फळ्या. एकतीस वर्षांचा नेम.

आज तो नेम संपणार होता. कचेरीत नवी पेटी आली होती. बर्फाखाली पसरलेल्या तारांवरून ती प्रत्येक वळणाची जाडी पडद्यावर दाखवायची. शंभर दिवस तिचे आणि ओयार्सचे आकडे जुळले, तर त्याने ट्रॅकची किल्ली ठेवून घरी बसायचं, असं ठरलं होतं. नव्व्याण्णव दिवस जुळले होते. मिलिमीटरचाही फरक नाही.

पेटी सांभाळायला रीगाहून जिंत्रा आली होती. गुणी पोर. रोज ओयार्सनंतर अर्ध्या तासाने वही घेऊन उतरायची, तारा तपासायला, आणि परतली की वही उघडून पेटीपुढे बसायची.

“नुसता फळीवरचा आकडा वाचू नकोस, तळहातही टेकव,” तो तिला शिकवायचा. “बर्फ आज पळू देणार की अडवणार, ते हातालाच कळतं.”

“हातमोजे काढून? काका, बोटं गळून पडतील माझी!”

दहा वाजता सगळे कचेरीत जमले. चमूने नुकताच या ट्रॅकचा विक्रम मोडला होता. जिंत्राने घरून केशर घातलेला केक आणला होता. जो तो पेटीच्या पाठीवर थाप मारत होता.

ट्रॅकचा व्यवस्थापक विल्निस लहानपणी ओयार्सच्याच हाताखाली घसरगाडी शिकला होता. तो म्हणाला, “हरलात, काका!”

“हरलो बाबा. तुला पाढे येत नव्हते, पण तुझी पेटी हुशार निघाली.”

ओयार्सने किल्ली टेबलावर ठेवली. तिच्यावरून हात काढायला त्याला जरा वेळच लागला. मग सवयीने तो तोंडपाठ आकडे सांगू लागला. “...सातवं तीस, आठवं अठ्ठावीस, नववं पंचवीस... अरेच्चा! फळीवर मी बावन्न लिहून आलो की! आकडे उलटे पडले. या टवाळांनी हसवलं ना मला!”

“वय झालं, काका! म्हणून तर पेटी आणली.” विल्निस हसत पडद्याकडे वळला. “सातवं तीस. आठवं अठ्ठावीस. नववं...”

तो थांबला. केक कापता कापता जिंत्राची सुरी थांबली. तिचे कान लालभडक झाले.

पडद्यावर बावन्न होते.

ओयार्स डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग त्याने टेबलावरची किल्ली उचलून खिशात टाकली.

“पोरी, उद्या सहाला ये. वही नको. हातमोजे काढून ये.”