आमच्या घरी रोज सकाळी हेच

"हसायचं ते घास गिळल्यावर," बेल वाजता वाजता कारखानदाराने शेवटची सूचना दिली. "तोंडात असताना कुणी हसायचं नाही. मंगळवारी आईला ठसका लागला होता."

सात वाजले होते. टेबलावर चार वाट्या, चार चमचे, दुधाचं भांडं आणि मधोमध त्याच्याच कारखान्यातल्या नाश्त्याच्या फ्लेक्सचा डबा होता. आई, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी फोटो काढायला बसावं तशा बसल्या होत्या.

आत आला तो परदेशी निरीक्षक. ज्या देशाच्या बंदरात कारखानदाराचे चाळीस हजार डबे अडकून पडले होते, त्या देशाने त्याला पाठवलं होतं. तिथला नियम साधा होता. डब्यावर जे छापाल ते सिद्ध करा. 'कुरकुरीत' म्हणता, तर दुधात किती मिनिटं? 'शक्तिवर्धक' म्हणता, तर ज्याची शक्ती वाढली त्याचं नाव आणि पत्ता द्या. 'डॉक्टरांची पसंती' वाचून त्यांनी डॉक्टरांचा फोन नंबर मागितला. डॉक्टर कारखानदाराचा साडू होता, आणि दातांचा होता. एकेका शब्दावर काळी पट्टी चिकटवता चिकटवता डब्याला शोकसभेच्या पत्रिकेची कळा आली. शेवटी एकच वाक्य उरलं. ते कारखानदाराने स्वतः लिहिलं होतं: 'आमच्या घरी रोज सकाळी हेच'. तेही गेलं असतं तर डब्यावर वजन आणि एक गाय एवढंच राहिलं असतं. गाईबद्दलही विचारणा झाली होती. माल परत आला असता तर कारखान्याला कुलूप लागलं असतं. म्हणून त्याने बाणेदारपणे कळवलं, "घरी येऊन बघा."

ते खरंच येतील असं त्याला वाटलं नव्हतं.

घरी रोज सकाळी भलतंच असे. बायको गरमागरम काहीतरी करी आणि तो दोनदा वाढून घेई. त्याचे फ्लेक्स घरात येत ते डब्यासाठी. पुठ्ठा चांगला जाड होता. मुलगी त्यात चार्जरच्या वायरी ठेवी.

निरीक्षकाने खुर्ची ओढली, वही उघडली. भाषा तो कामापुरती पुस्तकातून शिकून आला होता.

"आपण भक्षणास आरंभ करावा," तो म्हणाला.

चौघांनी आरंभ केला. दुधात पडताच फ्लेक्सचा लगदा झाला. बायकोने गिळलं आणि हसली. मुलीने गिळलं आणि हसली. कारखानदार आधी हसला आणि मग आठवण होऊन त्याने गिळलं. निरीक्षकाने चौघांची नोंद केली आणि तो आईकडे वळला.

"मातोश्री, आपण प्रतिदिनी हेच ग्रहण करता?"

"रोज," आई म्हणाली. इथपर्यंतचं पाठ होतं.

"केव्हापासून?"

हा प्रश्न तालमीत आला नव्हता. आईने मुलाकडे पाहिलं. मग वाटीकडे पाहिलं. खोटं बोलायची तिला मुळात सवय नव्हती आणि तोंडात लगदा धरून ती आता लागणंही कठीण होतं.

"मंगळवारपासून," ती म्हणाली.

मुलीचा चमचा वाटीत पडला. कारखानदाराला समोर कुलूप दिसलं, किल्लीसकट. निरीक्षकाने पिशवीतून नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि ओळीवरून बोट फिरवलं.

"'रोज' याचा अर्थ सलग तीन दिवस," त्याने वाचलं. "आज शुक्रवार. आपणापाशी एक दिवस अधिकच आहे." आणि त्याने शिक्का मारला.

घरात आनंदीआनंद झाला. तो परवान्याचं पत्र येईपर्यंत टिकला. परवाना पाच वर्षांचा होता. तितकी वर्षं ते वाक्य खरं असणं आवश्यक होतं. तपासणी कोणत्याही दिवशी, न कळवता, सकाळी सात वाजता. वाक्य मागे घेतल्यास त्याचं कारण डब्यावर तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावं लागणार होतं.

"म्हणजे काय?" आईने विचारलं.

"म्हणजे खा," बायको म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, लिहायच्या आधी मला एकदा विचारायचं होतं."

कारखानदार खाऊ लागला. वीस वर्षं तो ही वस्तू विकत होता. खात प्रथमच होता. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "दूध फार पातळ येतं हल्ली." दुसऱ्या आठवड्यात दूधवाला बदलला. तिसऱ्या आठवड्यात त्याने दुधाचा नाद सोडला आणि वाटी-चमचा घेऊन थेट भट्टीपाशी जाऊन उभा राहिला. कामगारांना वाटलं, साहेबांना घरातून काढलं. त्याने साखर निम्म्यावर आणली, फ्लेक्स जाड लाटायला लावले, भाजणं लांबवलं. चौथ्या महिन्यात एका सकाळी टेबलावर चक्क कुरकुर ऐकू आली. आईने वाटी पुढे केली आणि कुणी न सांगता आणखी मागितले.

त्याला भरून आलं. आणि भरून आलं की तो लिहीत असे. नव्या डब्यासाठी त्याने मोठ्या अक्षरांत मजकूर त्या देशाकडे मंजुरीला पाठवला: 'आता नवी, सुधारित चव'.

आठव्या दिवशी नाश्त्याच्या वेळी उत्तर आलं. 'सुधारित' हा शब्द वापरायचा असल्यास आधीची चव वाईट होती हे सिद्ध करावं. ती चव स्वतः दीर्घकाळ चाखलेला साक्षीदार हजर ठेवावा. निरीक्षक शुक्रवारी सात वाजता येतील.

"संपलं," कारखानदार म्हणाला. "आता असा माणूस मी कुठून आणू?"

आईने चमचा खाली ठेवला. तोंडातला घास पुरता गिळला आणि मग ती हसली.

"येऊ दे त्याला," ती म्हणाली. "या खेपेला मला काही पढवू नकोस."