निळ्या गाडीतलं बोट

शर्यतीच्या दर फेरीला विनिफ्रेड ट्रॅकच्या कठड्यावरून पाटी पुढे धरायची. पाटीवर खडूने लिहिलेला उरलेल्या फेऱ्यांचा आकडा. निळ्या गाडीतून जाताना तिचा नवरा सेड्रिक एक बोट वर करायचा. वळणापलीकडून तो जिवंत परतलाय, एवढंच तिला त्या बोटावरून कळायला हवं असायचं.

चार फेऱ्या उरल्या. बोट वर झालं. तीन उरल्या. बोट वर झालं.

"पाटी कुणाला दाखवतेयस गं?"

मागे सेड्रिक उभा होता, चिखलाने माखलेला. "दुसऱ्याच फेरीत गाडी कुंपणात घातली मी. गवतातून चालत आलो. हस आता पोटभर, आणि चहा दे."

तिने थर्मास उचलला, तोच निळी गाडी कठड्याशी येऊन थांबली. चालकाने घाईघाईने गॉगल वर सारला.

"विनी," तो सेड्रिकच्याच आवाजात ओरडला, "आधी त्याच्यापासून लांब हो!"