शेवटचं स्टेशन

गाडीतून सात माणसं उतरली. त्यांत व्हेरोनिका नव्हती.

सांधेवाल्या अदोमासनं दोन्ही डबे आत जाऊन पाहिले आणि मगच हिरवं निशाण दाखवलं. विल्नियसहून आलेली अठरा वर्षांतली ती पहिली गाडी.

१९२० च्या उन्हाळ्यात त्याची बायको व्हेरोनिका बहिणीच्या बाळंतपणासाठी विल्नियसला गेली. आठ दिवसांत येते म्हणाली, पण हिवाळ्याचा कोट सोबत नेला. पानगळ लागली तरी ती आली नव्हती. मग लिथुआनिया-पोलंडचं फाटलं, विल्नियस पोलंडकडे गेलं, हे गाव लिथुआनियात राहिलं. सीमा बंद झाली, टपालसुद्धा थांबलं. स्टेशनापुढचे रूळ उखडले गेले, त्या जागी भूर्जाची झाडं वाढली. कौनासहून रोज एक गाडी यायची आणि तोंड फिरवून परत जायची.

तीनदा बढतीवर बदली आली, अदोमासनं तीनदा नाकारली. बायकोची वाट बघतोय बिचारा, असं गाव म्हणायचं. सणाला बायका त्याला जेवायला बोलवायच्या. तो जायचा, खालमानेनं जेवायचा आणि आपल्या खोलीवर परतायचा.

आता दोन्ही सरकारांचं जमलं होतं. रूळ पुन्हा पडले होते. अदोमासनं भिंतींना चुना दिला, दुसरी खुर्ची आणली. रोज दाढी करून तो गाडीला उभा राहू लागला.

विसाव्या दिवशी जुनी शेजारीण स्तेफानिया उतरली. व्हेरोनिका भेटते का, असं त्यानं विचारलं. भेटते की, ती म्हणाली. चांगली आहे, पावाचं दुकान चालवते, एकटीच असते. गाडी सुरू झाल्याचं मीच तिला सांगितलं.

"मग? काय म्हणाली?"

स्तेफानियानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "गिऱ्हाईक होतं रे तेव्हा दुकानात."

दुसऱ्या दिवशी सकाळी अदोमास स्टेशनमास्तरांपुढे अर्ज घेऊन उभा राहिला. बदली हवी, समुद्राकडे, जितकी लांब मिळेल तितकी. मास्तर वयानं लहान होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"अदोमासकाका, अठरा वर्षं तुम्ही इथून हलला नाहीत. आणि आता वाट मोकळी झाली, तर निघालात?"

"वाट बंद होती तोवर तिला येता येत नव्हतं, साहेब," अदोमास म्हणाला. "आता ती येत नाही."