उजव्या हाताची ऊब

डॉक्टर दर फेरीला बेशुद्ध बाईच्या उजव्या हाताचं नख दाबून सोडत आणि पांढरं पडलेलं नख गुलाबी व्हायची वाट बघत. “संसर्ग रक्तात भिनलाय, काका,” त्यांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं. “रंग झटकन परतला, की समजायचं, रक्त पोचतंय.” रंग परतायला वेळ लागत होता, म्हणून सलाईन वाढवलं. पुढच्या फेरीला मात्र नख लगेच गुलाबी झालं. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. “सिस्टर, सलाईन कमी करा.” नवरा सकाळपासून पहिल्यांदाच हसला. दुपारी सलाईनची सुई बघायला डावा हात उचलताच सिस्टर दचकली. हात थंडगार पडलेला. डॉक्टरांनी त्याचं नख दाबलं. पांढरं झालं, ते पांढरंच राहिलं. “काका, हा इतका गार, मग उजवा गरम कसा?” “त्यात सुई आहे ना, म्हणून उजवाच काखेत धरून बसलो होतो. कशी ऊब आली बघा! थांबा, यालाही तोंडाची वाफ देतो.”