अजून थोडं लांब

"अल्ली," संताजीराव म्हणाले.

सुष्मानं पिना उचलल्या आणि सोफ्याच्या टोकाशी नेऊन पुन्हा मांडल्या. स्वतःही तिथंच फरशीवर बसली. पडलेल्या पिना उभ्या करायच्या आणि चेंडू परत घरंगळवायचा, हे तिचं काम.

"टाका, अप्पा."

सासऱ्यांनी खुर्चीतून वाकून लुळ्या हातानं चेंडू सोडला. तो भिंतीकडे गेला.

अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात नेला होता आणि बोलणंही. परत आला तो हा एवढाच शब्द. प्लास्टिकच्या पिना रक्षितनं आणायला लावल्या होत्या. तो व्यायाम करून घ्यायला यायचा. मॉलमध्ये पिना पाडायचा जो खेळ असतो, तोच हा, फक्त खुर्चीत बसून.

अल्ली म्हणजे तिथे. मिरजेची सुषमा मैसूरला येऊन सुष्मा झाली, तेव्हा तिनं शिकलेला पहिला कन्नड शब्द. या घरातलं मराठी बोलता बोलता कधी कन्नडात शिरायचं, पत्ता लागायचा नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासरे जेवताना "चटणी अल्ली" म्हणाले, आणि ती चटणीत अळी शोधायला लागली. सासूबाईंना हसून हसून ठसका लागला होता. तेव्हापासून तिनं कान तयार केले.

आता हसायला कुणी नव्हतं. सासूबाई गेल्या. शरत नोकरीसाठी बेंगळुरूला, शनिवारी यायचा तोही लॅपटॉप घेऊन. सरस्वतीपुरमच्या त्या घरात दिवसभर दोघंच. गल्लीत भाजीवाला ओरडला की तिला बरं वाटायचं. निदान कुणीतरी काहीतरी बोललं.

सकाळी ती कॉफी घेऊन गेली की संताजीराव म्हणायचे, "अल्ली." ती पेला पलीकडच्या स्टुलावर ठेवायची. कॉफी तिथंच गार व्हायची. दुपारी ती पिनांची टोपली घेऊन स्वयंपाकघरातून आली, की पुन्हा तेच. मग पिना आणखी मागे. सोफ्यापासून देवघरापर्यंत, देवघरापासून मागच्या दाराकडे. आणि पिनांबरोबर तीही.

रक्षितनं ते अंतर बघून कपाळाला हात लावला.

"मॅडम, हे काय? जवळ होत्या तेव्हा बहुतेक सगळ्या पाडत होते. आता एक पण नाही."

"मी काय करू? तेच सांगतात."

"काय सांगतात?"

"अल्ली."

रक्षित हसला. "जुन्या मैसूरच्या फौजेतलं रक्त ना! जवळचं टार्गेट कमीपणाचं वाटत असणार." मग खाली बसून त्यानं तळहात फरशीवरून सरकवला. "हे बघा. चेंडू सुटताना हात बोटभर वाकडा गेला, तर जवळच्या पिनेला काही फरक पडत नाही. पण पिना लांब नेल्या, की त्याच बोटाचं हातभर होतं. चूक तेवढीच असते. अंतर तिला मोठी करतं."

संताजीराव ऐकत होते. डाव्या हातानं त्यांनी खुर्चीशेजारचा बसायचा वेताचा मोडा थोपटला. एकदा, मग पुन्हा.

"तो नाही, अप्पा," रक्षित म्हणाला. "उजवा. उजवा हात चालवायचा."

त्यांनी हात मांडीवर घेतला.

शनिवारी शरत आलाच नाही, त्याचा फोन आला. चेंडू भिंतीला लागतानाचे व्हिडिओ त्यानं पाहिले होते.

"सुष्मा, हे तर मागेच चाललंय गं. आधी पडत होत्या की पिना! असं घरात नाही जमायचं. इथं एक केंद्र आहे, तिथं ठेवू त्यांना. चांगलं आहे. तू पण ये इकडे. अष्टे, एवढंच."

"अप्पांना विचारलंस?"

"काय विचारू? त्यांच्याकडे शब्द एक. तू सांग, तू असतेस त्यांच्याजवळ."

सुष्मानं हॉलकडे पाहिलं. या टोकाला खुर्ची, त्या टोकाला पिना. मध्ये सगळी रिकामी फरशी.

"जवळ कुठं रे?" ती म्हणाली. "मी जवळ नकोच असते त्यांना. पिनांबरोबर मलाही रोज थोडं लांब सारतात."

"मग आय्तु, ठरलं," शरत म्हणाला. "सोमवारी गाडी पाठवतो."

रविवारी ती शेवटचं खेळली त्यांच्याशी. पिना मागच्या दाराला टेकल्या होत्या. चेंडू निम्म्या वाटेवर येऊन थांबला. आणायला दोघांपैकी कुणीच लगेच हललं नाही.

सोमवारी दुपारी तिनं पिना बॅगेत भरल्या. शेजारच्या वनजाक्का बरेच दिवस लेकीकडे होत्या, आदल्या रात्रीच परतल्या होत्या. त्यांना अप्पांपाशी बसवून ती लष्कर मोहल्ल्यात गेली. शिंप्याकडे अप्पांचे शर्ट होते, गुंड्या काढून चिकटपट्ट्या लावायला दिलेले. केंद्रातल्या माणसांना घालायला सोपं पडेल. शिंप्यानं उशीर केला, बसनं त्याहून जास्त.

ती आली तेव्हा दारात गाडी उभी होती. ड्रायव्हर आरशात बघून केस विंचरत होता. सुष्मानं फाटक लोटलं, पायरीवर बसून चपलेचा पट्टा सोडवला. दार नुसतं लोटलेलं होतं.

"अल्ली," आतून संताजीरावांचा आवाज आला.

सुष्माचा हात पट्ट्यावर थांबला. पिना तर बॅगेत होत्या.

"हो, आली," वनजाक्का त्यांना म्हणाल्या. "आली बघा तुमची सुष्मा."