तुमच्या पत्त्यावर

देवस्थळींची सून गार्गी आपली पार्सलं माझ्या पत्त्यावर मागवते, कारण तिच्या सासूबाईंना घरात जीन्स चालत नाही. सासूबाईंची पार्सलंही माझ्याकडेच येतात, कारण आपले गुडघे ठणठणीत आहेत असं त्यांनी सुनेला सांगून ठेवलंय. मी दोघींचा विश्वासू शेजारी.

मंगळवारी सासूबाई गुडघ्याचा पट्टा घेऊन गेल्या. दार लावून वळलो, तर पट्टा माझ्या टेबलावरच होता. गेली होती ती गार्गीची जीन्स.

तेवढ्यात गार्गीचाच फोन. "काका, माझं आलं का? आईंना कळलं तर मला माहेरी तुम्हीच पोचवायचं."

"येईल गं," मी म्हणालो.

संध्याकाळी सासूबाई दारात. मी घाईघाईनं चहा विचारला.

"चहा राहू द्या. गार्गीला सांगा, पार्सल आलंच नाही."

"मग ती जीन्स परत पाठवू का?"

त्यांनी साडीचा काठ चार बोटं वर उचलला. खाली जीन्स होती.

"अगदी बेतून शिवल्यासारखी बसली. तिला दुसरी मागवा, पैसे मी देते. पण माझ्याबद्दल बोलू नका हं. घरात काही शिस्त राहायची नाही."