पुढचं स्टूल

मंचावर चार स्टुलं होती, एक पुढे आणि तीन मागे. पुढच्यावर कोण बसणार, या भांडणात आमचा लोकगीतांचा बँड फुटला आणि चौघांनी चार बँड काढले. आज चारही एकाच कार्यक्रमात होते.

"बँड बदलायला दहा-दहा मिनिटं. जास्त लागली, तर शेवटचा बँड रद्द," संयोजक रेवतीताईंनी बजावलं.

शेवटचा सुबरावचा होता. "ताई, नका ना! आई पहिल्यांदाच ऐकायला येतेय, शिराळ्याहून."

"मग बाकीच्या बँडची माणसं तयार ठेवा की!"

"तीही आम्हीच चौघं," मी म्हणालो. "आमची गाणी दुसऱ्या कुणाला वाजवताच येत नाहीत."

तीनदा बँड बदलायला एकूण एकवीस सेकंद लागले. सुबराव ठरल्या वेळेच्या एकोणतीस मिनिटं आधी पुढच्या स्टुलावर बसला. आईची एसटी तेव्हा अठरा किलोमीटरवर होती.